आधी झोपा, मग बोला

वहिनीच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की ती भाडेकरूसारखी गुपचूप राहायची नाही. घरमालकासारखी भिंती पाडायची, नव्या खिडक्या फोडायची आणि घरातल्या कुणाला म्हणून झोपू द्यायची नाही. या वेळची कल्पना तर झोपेचीच होती.

त्याचं असं झालं. वहिनीचे सासरे, आप्पा, गाद्या भरायचे. घराच्या मागच्या खोलीत बसून चाळीस वर्षं त्यांनी कापूस पिंजला, खोळीत भरला आणि दाभणानं टाके घातले. गाद्या जायच्या बाजारातल्या बड्या दुकानात. तिथं त्यांच्यावर दुकानाचं लेबल लागायचं आणि आप्पांचं नाव कापसाच्या धुळीबरोबर झटकलं जायचं. पण गादी अशी की विचारू नका. उन्हात टाकलेल्या त्यांच्या एका गादीवर एकदा मांजर जरा टेकलं, तर त्याच्या अंगावरून तीन उंदीर गेले आणि चौथा मिशा हुंगून परत आला, तरी मांजरानं कान हलवला नाही. एका हेडक्लार्कला अकरा वर्षं झोप नव्हती. त्यानं आप्पांची गादी घेतली आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं घाबरून डॉक्टर बोलावला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, गादी दाबून पाहिली आणि औषध लिहायच्या आधी गादीवाल्याचा पत्ता विचारून घेतला.

वहिनी स्वतः सहा वर्षं सोफ्याच्या कारखान्यात खोळी शिवत होती. नवरा ट्रकवर, महिन्यातले बावीस दिवस रस्त्यावर. एके दिवशी मशीनवर बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, गादी आप्पांची, खोळ मला शिवता येते, मग मधे हा दुकानवाला कशाला? आपलंच दुकान, आपलंच नाव. त्याच दुपारी तिनं पंधरा दिवसांची रजा टाकली.

अडचण होती जागेची. रस्त्याकडे दार असलेली घरातली एकुलती खोली आप्पांनी शेजारच्या सलूनवाल्याला भाड्यानं द्यायचं जवळजवळ कबूल केलं होतं. सुनेनं विषय काढला तसा त्यांनी भुवईवरचा कापूस झटकला आणि निकाल दिला. रजा संपते त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत खोली सुनेची. तोवर निदान महिनाभर हात चालतील अशी एक मोठी ऑर्डर आली तर तिथं गाद्यांचं दुकान. नाही आली, तर रविवारी तिथं आरसे लागतील आणि सोमवारी सूनबाई कारखान्यात. सलूनवाला सभ्य माणूस, घाई म्हणून करायचा नाही. फक्त रोज सकाळी टेप घेऊन यायचा आणि भिंत मोजून जायचा, जणू रात्रीतून ती आखडणार होती.

वहिनीनं त्याच भिंतीवर एक भलामोठा खाकी कागद चिकटवला आणि वर जाड अक्षरांत लिहिलं, ‘बेत’. मदतीला धाकटा दीर होता, म्हणजे भाऊजी. भाऊजींनी मार्केटिंगचा तीन आठवड्यांचा कोर्स केला होता. पहिले दोन आठवडे त्यांनी एकही तास चुकवला नाही आणि तिसरा आठवडा सर्दीनं अंथरुणात गेला. त्यामुळे त्यांना त्या विषयातलं सगळं येत होतं, फक्त शेवटी काय असतं ते माहीत नव्हतं.

पहिला दिवस नावात गेला. भाऊजींनी ‘रॉयल स्लीप इंटरनॅशनल’ सुचवलं. आप्पांनी शांतपणे विचारलं की इंटरनॅशनल म्हणजे नक्की कुठवर पोचवायची, कारण आपल्याकडे ढकलगाडी आहे आणि तिचं एक चाक चढाला रडतं. वहिनीनं ‘निवांत’ म्हटलं आणि म्हटल्याबरोबर आप्पांना जांभई आली. नाव ठरलं.

दुसरा दिवस चित्रात गेला. चंद्र काढला, तर तो कुणीतरी चावा घेतलेल्या बिस्किटासारखा दिसला. उशी काढली, ती टोस्टसारखी झाली. तिसऱ्यांदा ढग काढला आणि त्याचा पाव झाला, तेव्हा वहिनीनं ओळखलं की भाऊजींना भूक लागलीय. जेवणं झाल्यावर चित्र रद्दच केलं. निळ्या पाटीवर पांढरी तीन अक्षरं, तीही एका अंगावर जरा कललेली, आत्ता पडू की मग पडू अशी. पाटी सुकत होती तेवढ्या वेळात समोरचा चांभार तिच्याकडे बघता बघता दोनदा पेंगला. भाऊजी म्हणाले, याला ब्रँड म्हणतात.

बोधवाक्य वहिनीला खोळीला इस्त्री करताना सुचलं. इस्त्री तशीच उभी ठेवून ती धावत आली आणि भिंतीवरच्या कागदावर तिनं लिहून टाकलं, ‘आधी झोपा, मग बोला’. त्यात सगळं होतं. दुकानात या, गादीवर आडवे व्हा, पाठीला पटलं तर भाव विचारा. असलं धाडस बाजारात कुणी केलेलं नव्हतं. भाजी करपली, दूध उतू गेलं, आणि ती चमच्यानं हवेत अक्षरं काढत राहिली.

मग प्रश्न आला, गिऱ्हाईक कोण. भाऊजींच्या कोर्सात पक्कं शिकवलं होतं की सगळ्यांना विकायला निघालेला कुणालाच विकत नाही, आपला माणूस हेरून त्यालाच गाठायचं. वहिनीनं एक क्षण विचार केला.

“ज्याला झोप मिळत नाही, तो आपला माणूस.”

भाऊजींनी पेन खाली ठेवलं. “वहिनी, कोर्सची फी तुम्हाला द्यायला हवी होती.”

मग दोघांनी पाचशे पत्रकं छापून आणली आणि नेम धरून वाटली. दवाखान्याच्या फाटकाशी, रात्रपाळी सुटते त्या वेळेला. टॅक्सीच्या थांब्यावर. पेपर तपासणाऱ्या मास्तरांच्या शाळेत. ज्या घराच्या दोरीवर तान्ह्या बाळाचे लंगोट वाळत असतील त्या प्रत्येक दाराखालून एकेक. शुक्रवारी सकाळी दहापासून सात गाद्या मांडलेल्या असतील, या आणि फुकट पडून बघा. आणि ज्या ऑर्डरीवर सगळी मदार होती, तिच्यासाठी वहिनी स्वतः पायऱ्या चढून गेली. बसस्टँडसमोरच्या लॉजच्या मालकीणबाईंना चाळीस गाद्या बदलायच्या होत्या. बाईंनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, कोरी बाजूसुद्धा, आणि शुक्रवारी बाराला येते म्हणाल्या.

शुक्रवार उजाडला. वहिनीनं पहाटेपासून खोली तीनदा झाडली. दहाच्या ठोक्याला दार उघडलं, तर बाहेर रांग. तिला रडूच कोसळायचं राहिलं. पहिली आली रात्रपाळी संपवून निघालेली नर्स. तिनं चपला काढल्या, आडवी झाली आणि “गादी बरी आ—” एवढं म्हणून तिथंच थांबली. मग टॅक्सीवाला. मग जुळ्यांची आई. जुळी सासूच्या दोन काखांत देऊन ती आली, आणि सासू दारातून कौतुकानं बघते तोवर सून घोरायला लागली. मास्तर तपासायचे पेपर छातीवर घेऊन झोपले. विमा एजंट आला होता तो खरं तर वहिनीलाच विमा विकायला. त्याला म्हटलं बसा, तो बसला, आणि बसला तो कलला. सहाव्या गादीवर एक आजोबा होते, ते कुणाचे होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि सलूनवाला नेहमीप्रमाणे भिंत मोजायला आला होता. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी रिकामं नव्हतं, म्हणून तो क्षणभर सातव्या गादीवर टेकला. साडेदहाला तोही गेला, टेप हातात तसाच.

पावणेअकरापर्यंत वहिनी हवेत होती. अकराला तिच्या लक्षात आलं की ‘आधी झोपा’ तर झालं, ‘मग बोला’चं काय? बोलायला कुणी उठेना. बाहेरची रांग आत डोकावून चिडत होती. नर्सच्या घोरण्याला टॅक्सीवाल्याचं घोरणं जोड देत होतं आणि त्या दोन्हींच्या मधल्या जागेत आजोबा शीळ घालत होते. दारातला पडदा आत ओढला जायचा आणि बाहेर फेकला जायचा. कोपऱ्यावरच्या माणसांना वाटलं, गल्लीत वारं सुटलंय.

आणि बरोबर बाराला मालकीणबाई आल्या. कमरेला चाळीस खोल्यांच्या किल्ल्या, पण चालताना एक वाजेल तर शपथ. त्यांना गादीवर पडून बघायचं होतं. गादी एकही रिकामी नव्हती.

वहिनीनं आप्पांना बाजूला घेऊन हळू आवाजात विनवलं की निदान सलूनवाल्याला हलवू, तो तर गिऱ्हाईकही नाही. आप्पांनी मान हलवली. त्यांच्या धंद्यात एक नेम होता, त्यांच्या गुरूनं घालून दिलेला. गादी भरणाऱ्यानं आपल्या गादीवर झोपलेल्याला हात लावून उठवायचं नाही. स्वयंपाक्यानं पानावरून माणूस उठवावा तसं ते. “खोली गेली तरी चालेल, सूनबाई. उठवायचं नाही.” वहिनीला सासऱ्यांचा राग आला आणि त्याच वेळी अभिमानही वाटला.

तिनं मालकीणबाईंना स्टूल दिलं, चहा दिला. बाई बसल्या. एक तास बसल्या. सात माणसांकडे अशा बघत राहिल्या जशी एखादी बाई नाटक बघते. कुणी कूस बदलली की त्या चहाचा घोट घ्यायच्या. एक वाजता उठल्या.

“गादी एक नंबर आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच मला नको.”

वहिनीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“अगं, माझं लॉज आहे. दहाला खोली रिकामी लागते मला. साडेदहाला दुसरा पाहुणा दारात. ही माणसं बघ. ह्यांना या गाद्या दिल्या तर मला रोज चाळीस दारं बडवावी लागतील. आताच बडवून बडवून हा हात बघ कसा झालाय.”

आणि खरंच, त्यांच्या उजव्या मुठीवर गाठी आल्या होत्या. बाई पायऱ्या उतरल्या. भाऊजी मटकन खाली बसले, ऑर्डर गेली म्हणाले. वहिनी मात्र पंधरा दिवस भिंतीवर चिकटवलेल्या त्या कागदाकडे बघत होती. नाव होतं, रंग होता, वाक्य होतं, गिऱ्हाईक कोण तेही होतं. गिऱ्हाइकाला काय हवं, हे त्यात कुठंच नव्हतं. सगळी झोप तिनंच ठरवून टाकली होती.

ती तशीच अनवाणी धावली. चौकात तिनं मालकीणबाईंना गाठलं. धाप लागली होती, पण एवढं तिनं विचारलं, “तुम्हाला कशी गादी हवी, ते सांगा ना मला.”

बाई थांबल्या. त्यांना हे आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. सगळे आपापलंच सांगून जायचे. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतला. पाहुण्याला झोप गाढ लागली पाहिजे, त्या म्हणाल्या, नाहीतर तो सकाळी भांडतो. पण सात तास झाले की त्यानं आपणहून उठलं पाहिजे. कुणी न बडवता. अशी गादी जगात नसते, ते मलाही कळतं, पण असती तर चाळीसच्या चाळीस डोळे झाकून घेतल्या असत्या.

वहिनी घरी येऊन हे सगळं एका श्वासात बोलली. “तिसऱ्या आठवड्यात हेच शिकवलं असणार,” भाऊजी पुटपुटले. आप्पांच्या हातातलं दाभण टाक्याच्या मधेच थांबलं होतं, आणि चाळीस वर्षांत ते दाभण टाक्याच्या मधे थांबलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं.

“अशी गादी मी एकदा केलीय,” शेवटी ते म्हणाले. “चुकून.”

मग ते निघालं. आप्पा सतरा वर्षांचे, नुकते शिकायला लागलेले. कापूस कमी पडला म्हणून त्यांनी खाली जुना, दमलेला कापूस दडपला आणि वर नव्याचा थर घातला. गादी वरून लोण्यासारखी झाली. गिऱ्हाईक पडल्या पडल्या झोपलं. पण अंगाच्या उबेनं आणि भारानं खालचा कापूस हळूहळू बसत गेला, बसत गेला, आणि सहा-सात तासांनी गिऱ्हाइकाच्या कमरेला थेट फळी लागली. तो ताडकन उठला. रोज त्याच वेळेला. चार दिवसांनी गादी डोक्यावर घेऊन तो गुरूच्या दारात आला. गुरूनं तीच गादी आप्पांच्या डोक्यावर ठेवून त्यांना बाजारातून फिरवलं होतं. ही गोष्ट आप्पांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

“उलटी केली की काय व्हायचं तिचं?” वहिनीनं विचारलं.

“उलटी करून, झटकून टाकली की परत फुगायची. पुढचे सात तास पुन्हा लोणी.” आप्पांची मान खाली होती. “सूनबाई, ती चूक आहे.”

“आप्पा, ती चूक नाही. ती ऑर्डर आहे.”

आप्पांनी मान वर केली. आणि मग त्या म्हाताऱ्याच्या अंगात जे काही संचारलं ते सांगून पटणार नाही. जन्मभर जी चूक टाळली ती आता मुद्दाम करायची, आणि चांगली करायची. जुना कापूस किती, नवा किती, खालचा दमलेला हवा पण मेलेला नको. त्यांनी मागची खोली अशी दणाणून सोडली की कापूस छपरापर्यंत उडाला, आणि आत गेलेले भाऊजी बाहेर आले ते मेंढीसारखे दिसत. वहिनी खोळ शिवत होती, आणि एका खोळीला दोन तोंडं, दोन्हीकडून सारखी, म्हणजे लॉजमधल्या कुणालाही उलटी करताना विचार करावा लागू नये. सात झोपलेले एकेक करून आपापले उठले, चपला शोधल्या, आणि चार जणांनी भाव विचारला, पण त्या धांदलीत वहिनीला कुणाशी बोलायला वेळ नव्हता. चिठ्ठ्या लिहून जा म्हणाली.

शनिवारी सकाळी गादी तयार. निरोप गेला, आणि परीक्षेला मालकीणबाईंनी आपला रखवालदार आणला. तो रात्रभर जागायचा आणि दिवसा झोपायचा, आणि त्याच्या झोपेची ख्याती दोन मोहल्ले पलीकडे होती. एकदा त्याच्या शेजारची भिंत पडली, गवंड्यांनी पाच दिवसांत नवी बांधली, तिला खिडकी ठेवून रंग दिला, आणि हा उठल्यावर म्हणाला, इथं खिडकी कधी केली? आजवर त्याला घड्याळ, भोंगा, थंड पाणी आणि त्याची सासू यांतलं कुणीही वेळेवर उठवू शकलेलं नव्हतं.

बरोबर नऊला तो आडवा झाला. पहिला श्वास जागेपणीचा होता, दुसरा नव्हता. मालकीणबाईंनी गादीवर हात फिरवला आणि कौतुकानं मान डोलावली.

मग सुरू झालं वाट बघणं. चार वाजता उठायला हवा होता. गल्ली गोळा झाली. चांभारानं दुकान बंद केलं, जुळ्यांची सासू काखेतल्या दोघांसकट आली, सलूनवाला गिऱ्हाईक घेऊन दारात उभा राहिला, गिऱ्हाइकाची उरलेली अर्धी दाढीही सोबत होती. दोनला रखवालदारानं कूस बदलली आणि वहिनी स्टुलावरून अर्धी उठली. आप्पा जवळ गेले, गादीच्या कडेला बोट लावून म्हणाले, बसतोय, बसतोय. तीनला तो माणूस झोपेत कुरकुरला. तीन वाजून वीस मिनिटांनी त्यानं डोळे उघडले, कमरेखाली हात घातला, उठून बसला आणि आजूबाजूच्या पन्नास माणसांकडे बघून म्हणाला, “मला उठवलं कुणी?”

कुणीही नाही, असं पन्नास माणसं एकदम म्हणाली.

भाऊजींनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. चाळीस मिनिटं आधी. वहिनीनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी रखवालदाराकडे, वरपासून खालपर्यंत, आणि मग सावकाश सांगितलं की गादी सरासरी माणसाच्या हिशेबानं भरलीय. हा गडी दीड माणसाचा आहे. भार जास्त, तर कापूस लवकर बसणार. बारक्या माणसाला हीच गादी सव्वासात तास देईल.

मालकीणबाई हसल्या. त्या हसतात हे रखवालदारालाही नवीन होतं. “चाळीस मिनिटांनी मला काय फरक पडतो,” त्या म्हणाल्या. “दहाच्या आत उठला, बस. चाळीस घाल. आणि गादीवर नाव लिही बाई, लोकांना कळू दे की हे तुमचं आहे.”

आप्पांनी सलूनवाल्याकडे वळून दोन्ही हात जोडले. सलूनवाल्यानं टेप गुंडाळला, खिशात घातला आणि खुर्चीची गादी शिवून मिळेल का म्हणून विचारलं.

वहिनीनं भिंतीवरचा खाकी कागद एका ओढीत फाडला आणि नवा लावला. वर काय लिहायचं तेही तिला सुचेना, इतकं एकदम सुचत होतं. भाऊजी तिच्या कानाशी बोलत होते की आता तासांप्रमाणे माल काढू, पाच तास, सात तास, सुट्टीचा वेगळा. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढं आला. पहाटेची पहिली बस नेणारा ड्रायव्हर होता तो, हडकुळा, खांद्याला पिशवी. रोज साडेतीनला उठावं लागतं, तो म्हणाला, घड्याळ वाजलं की बायको चिडते, पोर उठतं. रात्री नऊला झोपलं तर साडेतीनला उठवेल अशी गादी मिळेल का?

वहिनीनं पेन्सिलीला टोक काढलं आणि कागदावर पहिली रेघ ओढली.

“मिळेल की,” ती म्हणाली. “वजन किती तुमचं?”